तिकीट कुठलं काढू, ताई?

एसटीत चढले, बसले, कॅलिपरचं गुडघ्याशी असलेलं लॉक सोडून पाय मोकळा केला. तेवढ्यात कंडक्टर आला. गळ्यातलं कार्ड बघून म्हणाला, "तिकीट कुठलं काढू, ताई? महिलेचं की अपंगाचं?"

मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुली हसल्या. मीही हसले. पण प्रश्न रास्त होता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. दिव्यांगांना ७५ टक्के सवलत त्याआधीपासून आहे. दोन्हींची बेरीज होत नाही. झाली असती तर कंडक्टरनेच मला पंचवीस टक्के परत केले असते. यंत्रावर एका वेळी एकच सवलत दाबता येते. मी अपंगाचं घेतलं, ते स्वस्त पडतं.

सवलतीचा हिशेब असा चटकन सुटतो. तोट्याचा सुटत नाही. नोकरी नाकारली गेली, घर भाड्याने मिळालं नाही, पोलीस चौकीत तक्रार लिहून घेतली नाही, तर त्यातलं बाई म्हणून किती, पायामुळे किती, जातीमुळे किती? परदेशात असू तर कातडीच्या रंगामुळे किती? कायदा, सरकारी फॉर्म आणि चळवळी, तिघेही आपापल्या परीने कंडक्टरचाच प्रश्न विचारत आले आहेत. कुठलं तरी एक सांगा. या प्रश्नाचा आजवरचा प्रवास कसा झाला आणि तो कुठे अडला आहे, याचा हा आढावा.

तीन वसतिगृहं

आधी माझी बाजू सांगते. मला लहानपणी पोलिओ झाला. माझ्या फाइलीत अपंगत्वाचा दाखला आहे. जातीचा दाखला काढायची वेळ आयुष्यात आली नाही, आणि ती का आली नाही याचा विचार मी वयाच्या तिशीपर्यंत केला नव्हता.

तो करायला लावला एका मुलीने. मेडिकल बोर्डाचा दिवस होता. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर, आम्ही शेजारी बसलो होतो. आत गेलेला प्रत्येक जण बाहेर आला की बाकीचे विचारायचे, "टक्का किती दिला?" अपंगत्वाचा टक्का चाळीस किंवा त्याच्या वर गेला तर सुटला. माझ्या शेजारणीच्या प्लॅस्टिकच्या फाइलीत दोन दाखले होते, एक जातीचा आणि एक जुना, अपंगत्वाचा. तिला तालुक्याच्या गावी शिकायचं होतं आणि राहायला जागा हवी होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, "मुलींच्या होस्टेलला जिने आहेत. अपंगांच्या होस्टेलात फक्त मुलगे घेतात. आपल्या लोकांच्या होस्टेलात दोन्हीही आहेत, जिनेही आणि मुलगेही."

तिन्ही वसतिगृहं चांगल्या हेतूने बांधलेली. तिन्ही तिच्यासाठीच, आणि एकातही तिला जागा नाही. पुढे या विषयावर जे जे वाचलं, ते या तीन वाक्यांच्या पुढे फारसं गेलं असं मला वाटलं नाही.

कोर्टाने बेरीज नाकारली

अमेरिकेत हीच गोष्ट कोर्टात गेली. जनरल मोटर्स कंपनीने १९६४ पूर्वी एकाही काळ्या स्त्रीला कामावर घेतलं नव्हतं. नंतर घेतलं; पण सत्तरच्या दशकातल्या मंदीत कामगार कपात करताना 'शेवटी आलेला आधी बाहेर' हा नियम लावला. काळ्या बायका सर्वांत शेवटी आल्या होत्या, त्यामुळे त्याच बाहेर गेल्या. पाच जणींनी दावा लावला. १९७६ साली कोर्टाने सांगितलं की कंपनी बायकांना कामावर घेत होती, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव नाही. त्या बायका गोऱ्या होत्या, कचेरीत काम करणाऱ्या. वर्णभेदाचं म्हणणं असेल तर ते काळ्या कामगारांच्या दुसऱ्या दाव्याबरोबर मांडा. कारखान्यातले काळे कामगार पुरुष होते. दोन्ही मिळून तिसरी तक्रार कायद्याला मान्य नव्हती.

तेरा वर्षांनी, १९८९ मध्ये, किंबर्ले क्रेन्शॉ या काळ्या कायदेतज्ज्ञ बाईंनी या निकालाची चिरफाड करणारा निबंध लिहिला आणि 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द रूढ केला. त्यांनी दाखला दिला चौकाचा. चौकात उभ्या माणसाला कुठल्याही रस्त्याने आलेली गाडी उडवू शकते. कधी चारही बाजूंच्या गाड्या एकदम. मराठीत या शब्दाला आंतरछेदीयता म्हणतात. उच्चारताना दातात अडकणारा शब्द आहे. व्हरांड्यातल्या त्या मुलीला तो लागला नव्हता.

सोजर्नर ट्रूथचा हात

क्रेन्शॉंच्या आधी शंभराहून जास्त वर्षं वेगवेगळ्या अन्यायांची ही गाठ एका बाईने अंगावर वागवली होती. सोजर्नर ट्रूथ. न्यूयॉर्क राज्यात गुलामीत जन्मलेली, डच भाषा बोलत वाढलेली. १८५१ साली ओहायोतल्या ॲक्रनच्या स्त्री-हक्क परिषदेत तिने भाषण केलं. ते आज जगभर ज्या रूपात प्रसिद्ध आहे, ते रूप एका गोऱ्या कार्यकर्तीने बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, छापलं. त्यात ट्रूथच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची बोली घातली आहे आणि भाषणाचं ध्रुवपद झालेला 'मी बाई नाही का?' हा प्रश्नही आहे. भाषणानंतर महिन्याभरात वर्तमानपत्रात आलेल्या वृत्तांतात ना ती बोली आहे, ना तो प्रश्न. काळी बाई म्हणजे दक्षिणेकडची, असं ऐकणाऱ्याने ठरवून टाकलं आणि तिची भाषाच बदलली.

या गोष्टीतला एक तपशील स्त्रीवादी पुस्तकं सहसा ओझरता सांगतात. मालकाने तिला कायदेशीर मुक्तीच्या एक वर्ष आधी, १८२६ मध्ये, सोडायचं कबूल केलं होतं. त्या वर्षी तिच्या हाताला दुखापत झाली. काम कमी झालं, म्हणून मालकाने शब्द फिरवला. ती तान्ह्या मुलीला घेऊन पहाटे निघून गेली. गुलाम म्हणून तिची किंमत हातावर होती आणि हात दुखावला म्हणून स्वातंत्र्य लांबलं. इथे वंश कुठे संपतो आणि अपंगत्व कुठे सुरू होतं ते दाखवता येईल का?

हॅरिएट टबमनचंही तेच. मुलगी असताना मुकादमाने दुसऱ्यावर फेकलेलं लोखंडी वजन तिच्या डोक्यात बसलं. पुढे आयुष्यभर तिला झटके येत, बोलता बोलता गाढ झोप लागे. त्या अवस्थेत तिने गुलामांना गुपचूप उत्तरेत पोहोचवलं आणि १८६३ साली कोम्बाही नदीवरच्या मोहिमेत सातशेहून अधिक लोकांच्या सुटकेचं नेतृत्व केलं. १९७०च्या दशकात बॉस्टनच्या काळ्या स्त्रीवाद्यांनी आपल्या गटाला त्या नदीचं नाव दिलं. वंश, लिंग, वर्ग आणि लैंगिकता यांचा जाच एकमेकांत गुंतलेला आहे, हे मांडणारं त्यांचं १९७७चं निवेदन या विषयातला पायाचा दगड मानलं जातं. ज्या मोहिमेचं नाव घेतलं तिची नायिका अपंग होती. निवेदनात अपंगत्व हा मुद्दा म्हणून येत नाही.

त्याच १९७७ सालच्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दीडशेच्या आसपास अपंगांनी सरकारी इमारतीत ठिय्या दिला. अपंगांशी भेदभावाला मनाई करणारं, १९७३च्या कायद्यातलं ५०४ क्रमांकाचं कलम लागू करा, एवढी मागणी होती. ठिय्या तीन आठवड्यांहून जास्त चालला. आत कॅथेटर, औषधं, व्हीलचेअर. आणि रोज गरम जेवण आणून देणारे, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे ब्लॅक पँथर. कारण आत बसलेल्यांमध्ये ब्रॅड लोमॅक्स हा त्यांचा कार्यकर्ता होता, मल्टिपल स्क्लेरॉसिसमुळे व्हीलचेअरवर असलेला. एका माणसात दोन ओळखी होत्या म्हणून दोन चळवळी एका पंगतीला बसल्या. सिद्धान्ताची ओळख त्यांना नंतर झाली.

आणि ऑड्री लॉर्ड. काळी, समलिंगी, कवयित्री. १९७८ साली कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढला गेला. कृत्रिम स्तन न लावता त्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा नर्सने त्यांना सुनावलं की असं आल्याने बाकीच्या बायकांचं मनोधैर्य खचतं. १९८०च्या 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये हा प्रसंग आहे. मी तो वाचला तेव्हा मला लग्नकार्यांतल्या आमच्या मावश्या आठवल्या. "साडी जरा खाली सोड गं, कॅलिपर दिसतंय." बघणाऱ्याच्या सोयीसाठी झाकून घ्यायचं ही शिकवण दोन खंडांत एकच.

इकडचा धागा

महाराष्ट्राचा अमेरिकेतल्या या लढ्याशी संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागितली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तिच्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दाखाली स्त्रियाही घेतल्या होत्या. अपंगांचं नाव त्या यादीत नव्हतं.

जात म्हणजे वंश मात्र नव्हे. आंबेडकरांनीच जातीचा उगम वंशात शोधणारी मांडणी खोडून काढली होती. त्यामुळे तिकडची चौकट उचलून इकडे ठोकून चालत नाही. आणि गरजही नाही, कारण गाठ ओळखणारं लेखन आपल्याकडे फार आधीचं आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मातंग विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिताना ती बाळंतिणीपाशी थांबते. डोक्यावर छप्पर नाही, उघड्यावर थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांची अवस्था ती सांगते. हे दुःख नुसतं जातीचं नाही, नुसतं बाईचंही नाही.

पंडिता रमाबाईंबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण त्यांना कमी ऐकू येत असे हे क्वचित सांगतो. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याच्या इराद्याने. बहिरेपणामुळे तो रस्ता बंद झाला. पुढे चेल्टनहॅमला शिकवत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातली, बाई, विधवा, धर्मांतरित, कानाने अधू. यातलं नेमकं काय आड आलं ते रमाबाई तरी वेगळं काढून सांगू शकल्या असत्या का? अमेरिकेहून परतल्यावर १८८९ साली त्यांनी मराठीत प्रवासवर्णन लिहिलं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या कर्तबगारीचं कौतुक आहे आणि काळ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोटही ठेवलं आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्या मुलीच्या, मनोरमाबाईंच्या, पुढाकाराने अंध स्त्रियांना ब्रेल शिकवलं जाऊ लागलं.

मग आल्या दलित स्त्रियांच्या आत्मकथा. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा', २००३ साली ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. बेबीताईंनी फलटणला दुकान चालवता चालवता लिहिलं आणि ते घरच्यांपासून कित्येक वर्षं लपवून ठेवलं. का लपवलं, ते पुस्तकच सांगतं. सवर्णांनी लादलेली गुलामी आणि घरातल्या पुरुषाचा मार, दोन्ही तिथे एकाच चुलीभोवती आहेत. सिद्धान्तवाल्यांचं लक्ष नंतर गेलं. १९९५ साली गोपाळ गुरूंनी दलित स्त्रियांचा स्वर वेगळा का आहे ते मांडलं, पाठोपाठ शर्मिला रेगेंनी त्यावर वाद घातला आणि पुढे २००६ साली या आत्मकथांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. आधी बायकांनी सांगितलं, मग विद्यापीठांनी ऐकलं.

आपल्यातलीच, पण मोजलेली नाही

स्त्री चळवळीने मला पुष्कळ दिलं. म्हणून तिच्याबद्दलची तक्रार घरच्या माणसाबद्दल करावी तशी करते. बाईकडे वस्तू म्हणून बघू नका, असं चळवळ सांगत होती तेव्हा माझ्यासारखीला बाई म्हणूनच कोणी बघत नव्हतं. 'हिला स्थळं आणू नका, हिच्या नावावर खोली करून द्या,' हे आमच्या वाट्याचं वाक्य. अनिता घई यांनी भारतीय स्त्रीवादाच्या नकाशावर अपंग स्त्री दिसतच नाही, हे स्वतःच्या अनुभवासकट वारंवार लिहिलं. मराठीत नसीमा हुरजूक यांची 'चाकाची खुर्ची' आली आणि व्हीलचेअरवरून दिसणारं कोल्हापूर वाचकांना प्रथम दिसलं. सोनाली नवांगुळ लिहितात, अनुवाद करतात, आणि वाचकाला कीव करायला जागा ठेवत नाहीत.

चळवळ धावून आली नाही असंही नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. स्त्री-संघटनांनी रान उठवलं आणि शस्त्रक्रिया थांबल्या. विसंगती अशी, की त्याच वर्षी महाराष्ट्राने पहिलं महिला धोरण जाहीर केलं. २००९ साली चंडीगडच्या एका अनाथ, सौम्य मतिमंद तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तिच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा गर्भपाताला शिक्षा ठेवली.

एका जागी मात्र आम्ही अजून एकमेकींच्या डोळ्यांत बघत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. त्यामागे स्त्री-संघटनांचे कष्ट आहेत. मुलीचा गर्भ पाडण्यासाठी लिंगनिदान करणं गुन्हा झालं. व्यंग आहे म्हणून पाडणं मात्र डॉक्टरांचा सल्ला राहिला, आणि गंभीर व्यंग असेल तर २०२१च्या दुरुस्तीनंतर मेडिकल बोर्डाच्या परवानगीने त्याला आठवड्यांची मर्यादाही नाही. गर्भपाताचा हक्क बाईचाच, यावर मी ठाम आहे. तरी 'व्यंग' हा शब्द त्या कलमात वाचताना पोटात कालवतं. दोन्ही खरं आहे. एक खरं ठरवण्यासाठी दुसरं खोडायला मी तयार नाही.

दिल्लीतला निकाल

या सगळ्याचा कस लागला २७ एप्रिल २०२१ रोजी. आंध्र प्रदेशातली जन्मापासून अंध असलेली, अनुसूचित जातीची तरुणी. २०११ साली तिच्यावर बलात्कार झाला. आरोपीला जन्मठेप झाली होती, बलात्कारासाठीही आणि ॲट्रॉसिटी कायद्याखालीही. पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या नावाने अपील सर्वोच्च न्यायालयात आलं.

निकाल वाचावा असा आहे. जात, लिंग आणि अपंगत्व एकाच देहावर एकत्र काम करतात, त्यांना सुटं करून बघितलं तर अन्याय दिसतच नाही, असं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी विस्ताराने लिहिलं. अंध साक्षीदाराने आवाजावरून ओळख पटवली तर ती दुय्यम मानू नये, हेही सांगितलं. अपंग स्त्रियांवरच्या अत्याचारांची वेगळी आकडेवारी ठेवली जावी, असंही सुचवलं. बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम राहिली.

आणि ॲट्रॉसिटीची शिक्षा रद्द झाली. कारण गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यात पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला, हे सिद्ध करावं लागत होतं, आणि तसा वेगळा पुरावा नव्हता. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती अट सैल केली. आता जात माहीत असणं पुरतं. पण या मुलीसाठी ती दुरुस्ती उशिरा आली. धागे सुटे करता येत नाहीत असं न्यायालयाने म्हटलं, आणि तिच्याकडे धागा सुटा करून मागणाऱ्या कायद्याने निकाल दिला. जनरल मोटर्सच्या निकालानंतर पंचेचाळीस वर्षांनी.

आक्षेप आणि आकडे

आंतरछेदीयतेवर आक्षेप आहेत. अशाने माणसांचे तुकडे करत कुठवर जाणार, असं काही विचारतात. कोणाचं दुःख जास्त याची शर्यत लागते, हेही खोटं नाही; मी ती बैठकांमध्ये पाहिली आहे. निवेदिता मेनन यांनी २०१५ साली वेगळा मुद्दा काढला. भारतातल्या स्त्री चळवळीला 'स्त्री' ही एकसंध गोष्ट नाही हे जात-धर्माच्या वादांतून आधीच शिकावं लागलं, तेव्हा अमेरिकन चौकट इथे नवं काय देते? मला तो अर्धा पटतो. नवं देते ते अपंगत्वाच्या बाबतीत. तिथे आपण स्वतःहून शिकलेलो नाही.

आकडे बघा. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यांत १ कोटी १८ लाख स्त्रिया. अपंग पुरुषांमध्ये साक्षर ६२ टक्के, स्त्रियांमध्ये ४५. एकूण लोकसंख्येत अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींमध्ये २.४५. कमी आहार, घरचं बाळंतपण, जोखमीची कामं, लांबचा दवाखाना: जातीचं देणं शरीरावरही उतरतं. हे कळलं, कारण त्या वेळी अनुसूचित जातींचे अपंगत्वाचे तक्ते वेगळे छापले गेले. बाकीच्या जातींबद्दल असं काही सांगता येत नाही, कारण त्या मोजल्याच गेल्या नव्हत्या.

आता २०२७च्या जनगणनेत सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे. जातीचा तक्ता एकीकडे, अपंगत्वाचा दुसरीकडे आणि स्त्रियांचा तिसरीकडे असं झालं, तर ती तीन वसतिगृहांचीच गोष्ट होईल. म्हणून स्त्री-संघटनांना, आंबेडकरी संघटनांना आणि अपंगांच्या संस्थांना एकच विनंती. जात, लिंग आणि अपंगत्व यांचे एकत्र तक्ते तालुकावार छापावेत, ही मागणी तिघांनी एकाच पत्रावर सह्या करून पाठवावी. आणि तुमच्या दारी प्रगणक येईल तेव्हा घरातली अधू मुलगी माजघरात ठेवू नका. तिचं नाव सांगा, आणि पुढचे सगळे रकाने भरून घ्या.